फरशीखालची विहीर

४ मार्च

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न फोडताच टाकून देऊ नकोस. आत भांडण नाही. भांडायचं असतं तर फोन केला असता. पण माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहिते आहे.

तुझ्या आईंची तब्येत बरी आहे. आधीच सांगते, म्हणजे वाचताना धाकधूक नको. कान तेवढे कमी झालेत, तेही त्यांच्या सोयीने. समोरच्या शिंपीकाकांनी कुजबुजत सांगितलेली चहाडी नीट ऐकू येते, मी मारलेली हाक येत नाही. तू गेलास तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता ही महिनाभरात बॅग भरून निघणार. मी निघाले नाही आणि त्यांनीही जा म्हटलं नाही. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही. स्वयंपाक वाटून घेतला, कपडे वाटून घेतले, तीन वर्षं गेली.

तर कामाचं. स्वयंपाकघरात ओल येते आहे. मागच्या दाराजवळच्या तीन-चार फरश्या रोज सकाळी ओल्या असतात. प्लंबर आला, नळ, पाइप, सगळं तपासून गेला. म्हणाला, "बाई, हे वरून नाही येत, खालून येतंय." तो भाग नंतर वाढवलाय ना? पूर्वी तिथे मोकळी जागा होती, असं आई म्हणतात. तू तेव्हा लहान असशील. तिथे जमिनीत काही होतं का, आठवून बघ. टाकी, खड्डा, पाइप, काहीही.

दुसरं म्हणजे, घर तुझ्या नावावर आहे. फरशी उकरायची वेळ आलीच तर तुझी परवानगी लागेल. एका ओळीत लिहून पाठवलंस तरी चालेल.

साधी ओल आहे. घाबरण्यासारखं काही नाही.


१३ मार्च

उत्तर आलं नाही. येईल असं धरून नव्हतेच, तरी रोज टपालाची पेटी उघडून पाहत होते.

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. ते लिहिलं तेव्हाच मी घाबरलेली होते.

तू गेलास तेव्हा मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. आता मी गावाबाहेरच्या तेलाच्या कंपनीत आहे. तुला कुणी सांगितलं असेल, नसेलही. जुन्या विहिरींतून तेल आपणहून वर येईनासं झालं, की खाली पाणी दाबून ते ढकलावं लागतं. पण नुसतं पाणी पातळ असतं. ते तेलाला बगल देऊन पुढे निघून जातं. म्हणून आम्ही त्यात पॉलिमरची पूड विरघळवतो आणि त्याला दाटपणा आणतो, की तेलाला मागून भिंतीसारखं रेटता यावं. सोबत साबणाच्या जातीचं एक रसायन घालतो. तेलकट कढई साबणाने सुटते, तसं दगडाला चिकटलेलं तेल त्याने सुटतं. ते मिश्रण किती दाट करायचं, हे मी ठरवते. दाट पाणी ढकलायचं म्हणजे दाब जास्त लागतो. हिवाळ्यात आम्ही तो वाढवला.

आता ओलीबद्दल खरं सांगते. पहिल्याच दिवशी ती पुसताना फडकं हातातून निसटत होतं. मी ते पाणी चिमटीत धरलं, बोटं लांब केली, तर मध्ये तार आली. दिवसभर ज्या पाण्यात माझे हात असतात, ते मला ओळखू येणार नाही का? पण मी स्वतःची समजूत घातली, की साबण असेल. आईंना विचारलं, "साबण सांडला होता का इथे?" त्या म्हणाल्या, "साबण मी सांडते, दूध मी उतू घालवते, मुलगाही मीच घालवला. आणखी काय काय लिहायचं ते लिही माझ्या नावावर." मी हसले आणि तो विषय तिथेच सोडून दिला. सोडून द्यायला निमित्तच हवं होतं मला.

गेल्या आठवड्यात बाटलीत ते पाणी भरून प्रयोगशाळेत नेलं. कुणी नाही असं बघून त्यात अल्कोहोल ओतलं. पांढरे धागे झाले, पिंजलेल्या कापसासारखे. साबणाचे असे धागे होत नाहीत. पॉलिमरचे होतात. बाटली धुतली, जागेवर ठेवली आणि त्या दिवशी कुणाला एक अक्षर बोलले नाही.

घरी येऊन आईंना विचारलं, पूर्वी तिथे काय होतं. त्या किती सहज म्हणाल्या! "पाइप होता की. मांडीएवढा जाड, जमिनीतून वर आलेला. तोंडाला गंजका पत्रा. ह्यांनी तो कापून काढला, वर सिमेंट ओतलं आणि फरशी घातली. तुझा नवरा त्यावर चढून बसायचा, म्हणायचा मी घोड्यावर बसलोय."

ती जुनी तेलविहीर आहे रे. कंपनीच्या आधी कुणीतरी खणलेली, आमच्या नकाशात नसलेली. आम्ही खाली रेटतोय आणि ते आपल्या स्वयंपाकघरातून वर येतंय. आज नुसतं पाणी आहे. पाण्यामागे वायू असतो. इथल्या खडकात तो आहे, आम्हाला पक्कं माहीत आहे. आधी त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं की गेला एकदाचा. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. आई भाजी निवडायला जमिनीवरच बसतात.

कामावरचं वायू मोजायचं एक यंत्र आणून फरशीजवळ ठेवलंय. वायू वाढला की ते किंचाळतं. आई त्याला पोपट म्हणतात.

परवानगी पाठव. खणून त्या विहिरीचं तोंड कायमचं बंद करता येतं. हात जोडून सांगते आहे.


२४ मार्च

तुझी एक ओळ मिळाली. "घर लाटण्यासाठी नवीन गोष्ट रचलीस, मी कशावरही सही करणार नाही."

वाचून राग आला नाही, तू मला तेवढीच ओळखतोस. पण ते घर घ्यायचं असतं तर मी त्याच घरातून बाहेर पडायला आईंच्या विनवण्या का करत असते?

मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, आपल्या गल्लीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे विहीर नाही."

"नकाशात नाही. फरशीवर पाणी आहे, सर."

"जुन्या गटाराचं नसेल कशावरून?"

मी धाग्यांचं सांगितलं. त्यांनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, "आत्ता मिश्रण थांबवलं, तर मागचं साधं पाणी आतल्या दाट पाण्याला फोडून पुढे जाईल. वर्षभराचं काम मातीत. एका फरशीसाठी मी ते वर कसं सांगू? घरमालकाची परवानगी आणा. दुसऱ्या दिवशी खणायला माणसं पाठवतो. सापडली विहीर, तर पंप मी स्वतः थांबवतो."

म्हणजे सगळं तुझ्यापाशी येऊन अडलं. तुला न आवडलेल्या बायकोने मागितलं म्हणून तू नाही म्हणतोस, आणि तू नाही म्हणतोस म्हणून पंप चालू आहे.

मग मी आईंना म्हटलं, आपणच निघू. दोन खोल्या भाड्याने घेऊ, काही महिने.

"मी नाही येत."

"का पण?"

"परक्या ओट्यावर माझा चहा बिघडतो."

"आई, चेष्टा नको. जीव जाईल इथे."

"म्हातारीचा जाणार म्हणून यम काय पत्ता शोधत येणारे? त्याला माहितीये पत्ता."

मी समजावलं, रडले, शेवटी आवाज चढवला. तेव्हा त्या उठल्या, भांडी आवरायला लागल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तू जा. तू तरुण आहेस. मी राहते." त्यानंतर दोन दिवस आमच्यात मीठ मागण्यापुरतंही बोलणं झालं नाही.

परवा वास आला. फार नाही. पोपट दोनदा ओरडला आणि गप्प झाला. सगळ्या खिडक्या उघडल्या. तेव्हापासून आईंना पुढच्या खोलीतच बसायला सांगते. त्या हो म्हणतात आणि मी बाहेर पडले की त्यांना हवं तेच करतात, हे मला कळतं.

कामावर पंपाचा काटा बघताना डोळ्यांपुढे आपलं स्वयंपाकघर येतं. हात लांब केला तर बंद करता येईल इतक्या अंतरावर ते बटण आहे. मी हात लांब करत नाही. नोकरी गेली तर आम्ही दोघींनी कुठे जायचं, हा विचार आडवा येतो. मग स्वतःचीच भीती वाटते, की ही बाई किती दिवस नुसती बघत उभी राहणार आहे.

सही नको करूस. निदान आईंना फोन कर. तुझं ऐकतील. ये म्हण चार दिवस. मला सोबत नेऊ नकोस, हवं तर.


५ एप्रिल

आई जिवंत आहेत. हॉस्पिटलात आहेत, शुद्धीवर आहेत. हे वाचून झालं की मग पुढचं वाच.

सोमवारी मी कामावरून घरी फोन केला. रोज करते. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा केला. तिसऱ्यांदाही कुणी उचलला नाही. आमच्या पंप-स्टेशनची गाडी बाहेर उभी होती, तिच्यात श्वासाचं सिलिंडर आणि मुखवटा कायम असतो. ड्रायव्हरला म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरी चल.

पुढचं दार उघडं होतं. पायरीवरून सरळ आतपर्यंत दिसतं, तुला माहीत आहे. आई स्वयंपाकघरात जमिनीवर कुशीवर पडलेल्या होत्या. मटार सोलत बसल्या असाव्यात, दाणे सगळीकडे पसरलेले. मी एक पाऊल आत टाकलं. वास अजिबात नव्हता. आदल्या दिवशी थोडा येत होता, आणि आता काही म्हणता काही नाही. त्याच क्षणी माझ्या कमरेला लावलेलं कामावरचं दुसरं यंत्र किंचाळायला लागलं.

मी मागे फिरले. हो, मागे फिरले. तुझी आई समोर पडलेली असताना मी रस्त्यावर आले.

शिंपीकाका धावत आले होते, ते तसेच आत घुसणार, तर मी त्यांचा सदरा मागून पकडला. "अहो सोडा, वहिनी पडल्यात आत!" "तुम्ही गेलात तर तुम्हीही पडाल." आम्हाला शिकवताना पहिल्याच दिवशी सांगतात, अशा अपघातात दुसरा मरतो तो वाचवायला धावलेला. त्यांना ड्रायव्हरच्या हवाली केलं. पंपावरच्या माणसाला फोन लावला.

"पंप बंद कर."

"साहेबांना विचारलंत?"

"नाही. बंद कर. माझ्या घरात आलाय."

त्याने पुढे काही विचारलं नाही. मला फोनमधूनच पंपाची घरघर थांबल्याचं ऐकू आलं.

मग सिलिंडर पाठीला लावलं. व्हॉल्व्ह उघडला. मुखवटा चढवला तर पट्ट्यात केस अडकले आणि कडेने हवा यायला लागली. तो काढून पुन्हा घालावा लागला. बक्कल बोटांत येईना. तोवर गल्ली गोळा झाली होती. मी सावकाश तयारी करते आहे, असं त्यांना दिसत होतं. "अगं जा ना आत! बघत काय बसलीस?" एक बाई ओरडली. दुसरी म्हणाली, आणि हे मुखवट्यातूनही स्पष्ट ऐकू आलं, "स्वतःची आई असती तर अशी उभी राहिली असती का?"

ते वाक्य अजून कानात आहे. उत्तर मला माहीत नाही. माझी आई असती तर कदाचित मी तशीच धावले असते, आणि मग दोघी तिथेच राहिलो असतो.

आत गेले. फरशी बुळबुळीत, त्यात मटार. गुडघ्यावर आपटले. आईंच्या काखेत हात घालून मागे मागे ओढत आणलं. मुखवट्यात फक्त माझाच श्वास ऐकू येत होता, त्यांचा चालू आहे की नाही, कळायला मार्ग नव्हता. अंगणात आणून टाकलं तेव्हा ओठ निळे पडले होते. ड्रायव्हरने गाडीतला ऑक्सिजन लावला. त्यांच्या घशातून एक खरखर आली. तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता, आणि त्याइतका गोड आवाजही ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या बोलल्या. डोळ्यांवर पट्टी, आवाज घोगरा. पोपट कुठे होता, ते तोवर मला कळलं होतं. टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवलेला. मी विचारलं, "असं का केलंत?"

"सकाळपासून ओरडत होता. तू आलीस आणि ऐकलंस, तर आजच्या आज बाहेर काढशील म्हणून."

"मग निघायचं होतं ना, आई!"

त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "घर आहे म्हणून आपण दोघी आहोत. घर सुटलं की मी तुझी कोण? भाड्याच्या खोलीत सासूला कोण नेतं? तेही सोडून गेलेल्या नवऱ्याच्या आईला?"

मी म्हटलं, "एवढं मनात होतं तर विचारायचं होतंत."

"आणि तू नाही म्हणाली असतीस तर?"

मी त्यांचा हात धरून बसले. त्या घर सोडायला नको म्हणत होत्या तेव्हा मला वाटत होतं, त्यांना विटांचा लोभ सुटत नाही. दोन दिवस अबोला धरून मी त्यांना जे दाखवलं, ते त्यांनी काय समजून घेतलं असेल?


२७ एप्रिल

तुझं पत्र आलं. तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देते.

स्वयंपाकघर खणलं. तुझ्या परवानगीवाचून खणलं, अपघातानंतर तिची गरज उरली नव्हती. दोन हातांवर पाइप लागला, आतून कुजलेला. त्यात सिमेंट भरून तोंड बंद केलं आहे. घराला कुंपण घातलंय, वर्षभर तरी तिथे कुणी राहायचं नाही. सगळी गल्ली काही दिवस हलवली होती, आता माणसं परत आलीत. पण जो तो वाकून फरशी हुंगतो. अशा आणखी किती विहिरी आहेत, कुणालाच माहीत नाही. मलाही नाही.

पंप अजून बंद आहेत. कोणाच्या हुकमाने बंद केले, याची माझी चौकशी चालू आहे. मोठे साहेब हॉस्पिटलात आले होते. आईंच्या पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, हातातली फळं ठेवायचं विसरून तशीच परत घेऊन गेले. चौकशीत त्यांनी सांगितलं, "तिने मला आधी सांगितलं होतं." एवढंच सांगितलं, पण सांगितलं.

आईंना हॉस्पिटलातून भाड्याच्या खोल्यांत आणलंय. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांना धोका नाही. डावा हात थरथरतो. शब्द हरवतात. काल मला 'ते पाणी पितो ते' असं म्हणत होत्या, पेला आठवत नव्हता. आठवला नाही म्हणून स्वतःवर चिडल्या, मग हसल्या. मी इथल्या स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहितोस, रविवारी येतो आणि आईला घेऊन जातो. वर लिहितोस, तिच्या जिवावर उठलेल्या बाईच्या हाती मी तिला ठेवणार नाही.

ते पत्र मी दिवसभर पर्समध्ये ठेवलं. खरं सांगते, फाडणार होते. वायूची भीती वाटत होती तशीच भीती वाटली. तू म्हणतोस त्यात खोटं नाही. ते पाणी मी बनवत होते. मी आधीच बटण दाबायला हवं होतं. तुझा त्यांच्यावर हक्क आहे, माझा कसला? कागदावर तर मी उद्या तुझीही कोणी नसेन. तू दारात उभा राहिलास आणि त्या बॅग भरायला लागल्या, तर मी अडवणार कशाच्या जोरावर?

पण एकदा मी पोटात ठेवलं आणि त्यांनी पोटात ठेवलं, त्याचं काय झालं ते दोघींनी बघितलंय. म्हणून संध्याकाळी चहाबरोबर तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कप खाली ठेवताना चहा सांडला, मी पुसायला उठले तर म्हणाल्या, "बस तू." मग विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?"

मी म्हटलं, "तुम्ही जाऊ नये असं आहे."

"मग आजवर तोंडात काय धरलं होतंस?"

"तुम्ही काय धरलं होतंत?"

त्या खिडकीकडे बघत बसल्या. डोळे अजून उजेडाला पाणावतात, त्यामुळे रडत होत्या की नाही, सांगता येणार नाही. मग शब्द जुळवत जुळवत म्हणाल्या, "लिही त्याला. ये म्हणावं. आईला भेटायला कधीही ये. पण पाहुणा म्हणून ये म्हणावं."

हे त्यांचे शब्द आहेत, माझे नाहीत. विश्वास बसत नसेल तर रविवारी त्यांच्याच तोंडून ऐक.

नवा पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे. खोल्या दुसऱ्या मजल्यावर आहेत, मी मुद्दाम वरच्या घेतल्या. जिना अंधारा आहे, कठड्याला धरून चढ. आणि दार मोठ्याने वाजव, त्यांना ऐकू येत नाही.